आधी पाठ वाच

प्रिय मुली,

रविवारी तू घरी आलीस, रेकॉर्डच्या कपाटासमोर उभी राहिलीस आणि मोबाइल काढून एकेका खणाचा फोटो घेतलास. चार खण, चार फोटो. मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत तुझं काम आटोपलंही होतं. एकही रेकॉर्ड तू बाहेर काढली नाहीस. रात्री तुझा मेल आला. ३४० पॉप-पंक बँडांची यादी, तिच्यात माझ्या कपाटातल्या नावांची भर, आणि खाली हे: 'काका, रोज पाच-पाच तास ऐकते, पण सकाळी उठल्यावर एकही बँड आठवत नाही. सगळे सारखेच वाटतात. यातले खरे कोण, हे कसं ओळखायचं? की माझ्याच कानात काही कमी आहे?'

शेवटचं वाक्य वाचलं आणि मला झोप लागली नाही.

तुझ्या कानात काहीही कमी नाही. पॉप-पंक सारखंच वाटणार. तीन-चार कॉर्ड, अडीच मिनिटं, धावणारे ड्रम, आणि आवाज फाटला तरी चाल सोडायची नाही. इतक्या थोड्या सामानात माणसं चाळीस-पन्नास वर्षं गाणी करत आली आहेत. माझ्या आजोळी दर एकादशीला भजन असायचं. अभंग तोच, चाल तीच. पण आजी आत भाकऱ्या थापता थापता सांगायची, आज पखवाजावर अमका दिसत नाही, त्याचा धाकटा बसलाय. तिचा कान काही दैवी नव्हता. ती त्या माणसांना ओळखत होती, इतकंच. तुझ्या यादीत ३४० नावं आहेत आणि माणूस एकही नाही. म्हणून सकाळी काही आठवत नाही.

मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. रेकॉर्ड हातात घे, पालथी कर आणि पाठ, म्हणजे कव्हरची मागची बाजू, वाच. कुठे रेकॉर्ड केली, कोणी केली, कोणत्या गावातून पाठवली, कोणाचे आभार मानले. पुढचा बँड कोणता ऐकायचा ते तिथे लिहिलेलं असतं.

मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडची 'स्पायरल स्क्रॅच' घे. २८ डिसेंबर १९७६ ला रेकॉर्ड केलेली, जानेवारी १९७७ मध्ये आलेली. सात इंची, म्हणजे छोटी रेकॉर्ड, चार गाणी. मित्रांकडून आणि गिटारवादक पीट शेलीच्या वडिलांकडून ५०० पौंड उसने घेतले, स्वतःचं 'न्यू हॉर्मोन्स' लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं आणि हजार प्रती छापल्या. त्या खपल्या, मग आणखी छापाव्या लागल्या. हे सगळं तुला कुठेही वाचायला मिळेल. तू पाठ बघ. प्रत्येक गाण्यापुढे लिहिलंय, कितवा टेक आणि वरून किती वेळा वाजवून भरलं. 'ब्रेकडाउन' : तिसरा टेक, भर काही नाही. एवढंच. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ही माणसं आपला स्वयंपाक झाकणाखाली ठेवत नव्हती. हे असं केलं, तिसऱ्यांदा जमलं, तुम्हीही करा, असं ते मुलांना सांगत होते. गाणं शंभर वेळा फोनवर ऐकलंस तरी ही गोष्ट तुला कळणार नाही.

आता डिसेंडंट्स. 'मायलो गोज टू कॉलेज', १९८२, पंधरा गाणी, अवघी बावीसेक मिनिटं. गायक मायलो खरोखरच कॉलेजला निघाला होता म्हणून हे नाव. पुढे तो जीवशास्त्रात डॉक्टरेट करून संशोधक झाला आणि गातही राहिला. (तुझ्या आईला हे जरूर सांग.) तुझ्या यादीत हा बँड सत्तेचाळिसावा आहे आणि पुढे बरोबरची खूण आहे, म्हणजे 'ऐकून झालं'. पाठ वाचली असतीस तर? लेबल न्यू अलायन्स. मिनटमेन या बँडच्या डी. बून आणि माइक वॉटने सॅन पेद्रोमध्ये मित्राबरोबर काढलेलं. त्याच लेबलने त्याच वर्षी हुस्कर डूचा पहिला अल्बम काढला, म्हणजे तू बसल्या जागी कॅलिफोर्नियातून मिनिआपोलिसला पोचलीस. 'मायलो'चं रेकॉर्डिंग कोणाचं? स्पॉट नावाच्या माणसाचं. हुस्कर डूची 'झेन आर्केड' बघ, तिथेही स्पॉट. आणि 'मायलो'त ड्रमवर कोण? बिल स्टीव्हन्सन. त्याने १९९४ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला 'ब्लास्टिंग रूम' स्टुडिओ उभा केला. त्यानंतरच्या पॉप-पंक रेकॉर्डच्या पाठीवर हे नाव इतक्यांदा भेटतं की ते दिसलं की मला नात्यातलं कोणी भेटल्यासारखं होतं. एका रेकॉर्डच्या पाठीवरून तुझा महिना जाईल. आणि त्या महिन्यातलं काहीही तू विसरणार नाहीस, कारण एकेक नाव दुसऱ्याचा हात धरून आलेलं असेल.

तसाच ग्रीन डे बँडच्या 'करप्लंक'चं रेकॉर्डिंग करणारा अँडी अर्न्स्ट, 'आर्ट ऑफ इअर्स' स्टुडिओवाला. तसाच इंडियानातल्या लफायेटचा मास जॉर्जिनी, 'सोनिक इग्वाना'वाला. ही दोन नावं वहीत लिहून ठेव. यादीत नको, वहीत.

आता मी हे इतक्या हट्टाने का सांगतोय ते सांगतो.

१९९९ मध्ये मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला होतो. चार तेलुगू-मराठी मुलं, दोन खोल्या, सहा महिन्यांचा प्रोजेक्ट, पुढचं माहीत नाही. शनिवारी बाकीचे पिक्चर लावायचे आणि मी बार्ट, म्हणजे तिथली लोकल, पकडून नॉर्थ बर्कलीला उतरायचो, तिथून चालत ९२४ गिलमन स्ट्रीट. १९८६ च्या शेवटच्या रात्री ही पंक कार्यक्रमांची जागा सुरू झाली. मुलांनीच चालवायची. दारू नाही, वयाची अट नाही, मोठ्या कंपनीच्या बँडला स्टेज नाही. दोन डॉलरचं वर्षाचं सभासदकार्ड, वर त्या दिवसाचं तिकीट. दारावर तिकीट फाडणारा मुलगा रात्री झाडू मारताना दिसायचा. आपल्याकडे वर्गणी मागायला येणारं पोरच मांडवाचे बांबू धरतं, तसं. मला तिथे परकं वाटलं नाही ते त्यामुळे.

एका शनिवारी पाचातला तिसरा बँड. तिघं जण, बेसवर एक मुलगी. समोर आम्ही पंधरा असू. त्यांचं एक गाणं सुरू झालं आणि त्यातल्या एका वळणावर माझ्या घशात आवंढा आला. का ते आजही सांगता येणार नाही. नंतर ती मुलगी भिंतीशी घडीच्या टेबलावर सात इंची रेकॉर्ड मांडून बसली. झेरॉक्सचा कागद दुमडून केलेलं कव्हर, प्लास्टिकची पिशवी. तीन डॉलर. मी एक उचलली, पालथी केली. बॉलपेनने लिहून झेरॉक्स केलेला पत्ता होता, पोस्ट बॉक्सचा. खाली आभाराची पाच-सहा नावं. मी मनात त्रेचाळीसने गुणलं. १३० रुपये. 'पुढच्या वेळी घेऊ' म्हणालो, ठेवून दिली आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून निघालो.

पुढची वेळ आली नाही. नाव मी नीट वाचलंच नव्हतं. ते वळण मला आजही पाठ आहे, गुणगुणून दाखवीन. त्या महिन्यांची पत्रकं मी जमतील तेवढी धुंडाळली, जुने अंक चाळले. नाही सापडला. तीन डॉलरसाठी. पाठ हातात होती आणि मी ती वाचली नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. २००४ मध्ये परत येताना वजनाची धास्ती होती. मोठ्या रेकॉर्ड आणल्या. सात इंची जवळपास दोनशे होत्या. त्यातली गाणी संगणकावर उतरवून घेतली आणि रेकॉर्ड दुकानात देऊन टाकल्या. 'गाणी तर आहेत की' असं मीच मला सांगितलं. चार वर्षांनी हार्ड डिस्क उघडली तर 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. पत्ते गेले, आभार गेले. गाणं संपल्यावर मधल्या गोल कागदापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर सुईसारख्या टोकाने कोरलेल्या एकमेकांच्या चेष्टाही गेल्या. फोटो काढून निघालेली तू दिसलीस तेव्हा मला तो मी दिसलो. रविवारी मी गप्प झालो होतो ते तुझ्यावर रागावून नव्हे.

आता म्हणशील, माझ्याकडे टर्नटेबल नाही, हॉस्टेलच्या खोलीत जागा नाही, पैसे तर नाहीतच. ठीक आहे. पाठ वाचायला टर्नटेबल लागत नाही. बँडकँप या गाणी विकणाऱ्या साइटवर अल्बमचं पान पूर्ण खाली सरकव. कोणी रेकॉर्ड केलं ते बहुतेक जण लिहितात. बाजूला तो अल्बम विकत घेतलेल्या लोकांचे छोटे फोटो असतात. एकावर बोट ठेवलंस की त्या माणसाचं कपाट उघडतं. अनोळखी माणसाचं कपाट, त्याने स्वतःच्या पैशाने भरलेलं! जुन्या रेकॉर्डच्या पाठींचे फोटो डिस्कॉग्ज या रेकॉर्डांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर आहेत, ते मोठे करून वाच. आणि फुकट हवं असेल तर जेफ रोझेनस्टॉकचं 'कोट अनकोट' लेबल बघ. गाणी उतरवून घ्या, जमेल ते द्या. त्याच्या 'बॉम्ब द म्युझिक इंडस्ट्री' बँडच्या कार्यक्रमाला लोक घरून साधे टी-शर्ट घेऊन यायचे आणि बँड त्यावर स्टेन्सिल ठेवून रंग फवारून द्यायचा. पैसे नाहीत ही सबब या संगीतात चालत नाही. हे संगीत पैसे नसलेल्यांनीच उभं केलं आहे.

'खरे कोण' या प्रश्नाचा मात्र मला कंटाळा येतो. तुझे मित्र म्हणतात, १९९४ नंतरचं ग्रीन डे ऐकणारा खरा नाही. ग्रीन डेने मोठ्या कंपनीशी करार केला, 'डूकी' ही रेकॉर्ड आली, गिलमनचं दार त्यांना नियमाप्रमाणे बंद झालं. नियम बरोबर होता, मी आजही त्याच्या बाजूने भांडेन. पण तो नियम त्या जागेचा होता, माझ्या कानांचा नव्हता. मी तत्त्व म्हणून पाच वर्षं 'डूकी' लावली नाही. काय मिळवलं? आणि ज्या छोट्या लुकआउट लेबलने ग्रीन डेची आधीची गाणी काढली होती, त्याच लेबलने पुढे बँडांचे पैसे थकवले. २००५ मध्ये ग्रीन डेने आपल्या रेकॉर्ड परत घेतल्या, २०१२ मध्ये लेबलच बंद झालं. लहान आहे म्हणून कोणी आपोआप भला होत नाही. उलट माइक पार्क १९९६ पासून 'एशियन मॅन रेकॉर्ड्स' आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमधून चालवत आला आहे. अल्कलाइन ट्रिओ या बँडचा पहिला अल्बम तिथूनच आला. हा फरक तुला 'स्वतंत्र' या शब्दावरून कळणार नाही. पाठ वाचत राहिलीस, कोण कोणाचे आभार वीस वर्षांनीही मानतंय ते पाहिलंस, तर कळेल.

इथलंही ऐक. मुंबईच्या 'द लाइटइयर्स एक्स्प्लोड'चं 'रिव्हेंज ऑफ कालीचरण' तुझ्या यादीत का नाही? पलूस्कर-भीमसेन ऐकणाऱ्या घरात वाढलेला मी, मला ते उशिरा कळलं. तुला ते बसने तीन तासांवर होतं.

तुझा बाबा परवा म्हणाला, 'तिला याच्या नादी लावू नकोस, तू बघ किती वर्षं घालवलीस.' माझा भाऊही हेच म्हणायचा. त्यांना मी काय उत्तर देऊ? फ्रीमाँटच्या त्या खोलीत, प्रोजेक्ट संपत आलेला असताना, दर शनिवारी मला अशी माणसं दिसत होती ज्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती. वाजवता येतं की नाही हेही धड माहीत नसताना त्यांनी पैसे उसने घेतले, कव्हरं दुमडली, पाकिटांवर पत्ते लिहिले. इथे येऊन मी नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं, ते त्यांच्यामुळे. ते काम मोठं झालं नाही, तुझ्या बाबाला ठाऊक आहे. पण बावीस वर्षं चाललं आहे, आणि कोणाचा एक रुपया थकलेला नाही. मी वर्षं घालवली नाहीत. हे तुझ्या बाबाला दाखवलंस तरी चालेल.

तर यादी पुसून टाक. पूर्ण. मागे ठेवू नकोस, 'नंतर बघू' म्हणून फोल्डरही करू नकोस. येत्या रविवारी ये. फोन बाहेर चपलांच्या कपाटावर राहील. 'स्पायरल स्क्रॅच' मी खणातून काढून ठेवली आहे. १९७७ ची नाही, २०१७ मध्ये नव्याने छापलेली, पण पाठ तीच आहे. टेबलावर पालथी ठेवली आहे. तू वाचून होईपर्यंत मी सुई लावणार नाही.

तुझा,
काका

ता. क. : ते वळण मी गुणगुणून तुला पाठवणार आहे. बेसवर मुलगी, तिघं जण, १९९९. कुठे ऐकू आलं तर रात्री कितीही वाजता फोन कर.