दुपारी पडणारा रिले

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतल्या प्लास्टिकच्या कारखान्यात मी देखभालीचं काम पाहतो. कूलिंग पंपाची 5 एचपी मोटर एप्रिलपासून रोज ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगरने तपासलं, बेअरिंग बदलले, करंट वाढला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले दोनदा नवा टाकला. करंट 6.2 अँपिअर, म्हणजे ठीकच. साहेब म्हणतात, रिलेचं साडेसात अँपिअरचं सेटिंग नऊवर न्या. रात्रपाळीत मात्र एकदाही ट्रिप झाली नाही. काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी सांगतो, नऊवर नेऊ नका. मोटर जळाली की साहेबांना नऊचा आकडा आठवणार नाही, तुमचं नाव आठवेल.

आता तुमच्याच पत्राकडे वळू. रात्रपाळीचं वाक्य तुम्ही जाता जाता शेवटी लिहिलंत. मी पत्र तिथूनच वाचायला घेतलं. बिघडलेला रिले दिवसरात्र पाहत नाही.

कळमन्याकडच्या एका डाळमिलमध्ये मी फोरमन होतो, तेव्हाची गोष्ट. नवतपा, म्हणजे मे अखेरचं कडक ऊन, चालू होता आणि हाच प्रकार. मीही तुमच्यासारखाच मोटरीच्या मागे लागलो. तीन रिले बदलले. शेवटी आमचा हमाल म्हणाला, "साहेब, तुम्ही मोटर पाहून राह्यले, या डब्याले हात तं लावा." लावला, आणि झटक्यात काढला. रिले ज्यात बसवलेला, ते पॅनल पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीवर होतं, दुपारभर ऊन खात. रिलेत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. करंटने तापली की ती वाकते आणि ट्रिप करते. ताप करंटचा की उन्हाचा, हे तिला कुठून कळणार? काही रिलेंमध्ये बाहेरच्या उष्णतेसाठी जास्तीची पट्टी देतात, आमच्यात नव्हती. पॅनल उत्तरेच्या विटांच्या भिंतीवर नेलं, भंगारात टाकलेला पहिलाच रिले पुसून बसवला, चालला. (हमालाला चहा पाजला. बढती त्याला मिळायला हवी होती, ती गोष्ट वेगळी.)

पण तुमच्याकडेही ऊनच असेल असं मी इथे बसून कसं म्हणू? 6.2 चा करंट तुम्ही कधी मोजलात? सकाळी कामावर आल्या आल्या असेल, तर तो आकडा उपयोगाचा नाही. टाँग टेस्टर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) दुपारी तीनला लावा, तिन्ही फेजवर, आणि तेव्हाच व्होल्टेजही पाहा. दुपारी कूलर-एसी सगळीकडे चालू असतात. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, मग रिलेचं काहीच चुकत नाही. करंट तेवढाच आणि डबा तापलेला असेल, तर डबा हलवा. नाहीतर भिंतीपासून चार बोटं सोडून त्यावर पत्र्याची सावली करा. आठवडाभर ट्रिपची वेळ वहीत लिहा. ढगाळ दिवस आला तर तो विसरू नका.

आणि एक विनंती. कुणीतरी म्हणेल, पॅनलवर खसची ताटी बांधून पाणी मारू. त्या माणसाला स्विचजवळ फिरकू देऊ नका.