वेगळी लोंब दिसली, आता पुढे

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बांधीत जे वेगळं धान तुला दिसलं, त्याचे फोटो पाहिले. दाणा बारीक दिसतो, तूस जरा तपकिरी आहे आणि आजूबाजूचं धान लोळलेलं असताना ते चार चूड, म्हणजे एका जागी रोवलेल्या रोपांचे झुपके, उभे आहेत. फोटोवरून एवढंच कळतं. त्यामुळे वाणाला नाव काय द्यायचं, हा तुझा प्रश्न सध्या बाजूला ठेवू.

एचएमटी धान शोधणाऱ्या, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनीही नावाची घाई केली नव्हती. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ धानात त्यांना पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, डुकरांनी खाऊ नये म्हणून भोवती काटे रोवले आणि दरवर्षी बियाणं थोडं थोडं वाढवत नेलं. शेजाऱ्यांनी पेरून पाहीपर्यंत पाच-सहा वर्षं गेली. १९९० च्या सुमारास ते धान तळोधीच्या बाजारात गेलं, तेव्हा एका व्यापाऱ्याने त्याला एचएमटी म्हटलं. त्या काळी एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं म्हणजे मोठीच गोष्ट. बस, तेच नाव चिकटलं, आणि आज छत्तीसगड-आंध्रापर्यंत लोक त्याच नावाने तांदूळ मागतात.

लोक त्यांची गोष्ट दोनच तऱ्हांनी सांगतात. एकीत ते भोळे ऋषी असतात, दुसरीत लुबाडले गेलेले गरीब. बांधीत उभं राहून धान न्याहाळणारा माणूस दोन्हींत हरवतो, आणि तुझ्या कामाचा तर तोच आहे. एचएमटीनंतर त्यांनी विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा, डीआरके, नांदेड चिन्नोर असे आणखी वाण काढले. एखादी लोंब नशिबाने सापडते गं. इतके वाण नशिबाने सापडत नाहीत.

आता तुझं बघू. आधी बाबांना विचार, गेल्या साली हार्वेस्टर कुणाच्या बांधीतून तुमच्याकडे आला होता. यंत्रात अडकलेलं शेजाऱ्याचं धान पुढच्या वर्षी आपल्या बांधीत उगवतं आणि आपल्याला वाटतं, नवल घडलं! बियाण्याची पिशवी कुठून आणली तेही तपास. गावातल्या कुठल्या वाणाशी तो दाणा जुळला तर विषय तिथेच संपला, वाईट वाटून घेऊ नकोस.

जुळला नाही, तर कापणीआधी त्या लोंब्या हाताने खुडून घे. प्रत्येक चुडाची कागदी पिशवी वेगळी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. पिशवीवर पेन्सिलने लिही, शाई उडते: तारीख, बांधी, धुऱ्यापासून (बांधापासून) किती पावलं, चुडाला फुटवे किती. सावलीत वाळव, उंदरांपासून सांभाळ. पुढच्या खरिपात प्रत्येक लोंबीचे पऱ्हे (रोवणीसाठीची रोपं) वेगळे टाक, रोवणीला चुडात एकच रोप लाव आणि एका लोंबीची एक ओळ धर. दोन्ही बाजूंना तुमचा नेहमीचा वाण हवाच, नाहीतर तुलना कशाशी करणार? धानात परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलातच होतं, म्हणून हे काम घरच्या बांधीत जमतं. तरी बाकीच्या धानापासून तीन मीटर अंतर ठेव.

ओळीत सगळी रोपं सारखी निघाली तर ठीक. कुठे उंच, कुठे बुटकी, कुठे लवकर निसवलेली अशी सरमिसळ दिसली तर समज की नैसर्गिक संकर झाला असावा, आणि मग चांगली रोपं निवडत आणखी पाच-सहा हंगाम जातील. तिथेच बहुतेक जण कंटाळतात. तूही कंटाळशील, मला माहीत आहे. आणि एकरी किती पोती झाली एवढ्यावर भुलू नकोस. तांदूळ काढताना कणी किती पडते ते बघ, आईला भात रांधायला सांग, आणि तोच भात दुसऱ्या दिवशी सकाळी खाऊन बघ. धान पिकतं छान पण भात कोणी खात नाही, असे वाण मी नोकरीत असताना ढिगाने पाहिले.

आता हे सगळं वहीत का लिहून ठेवायचं ते. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या (पीकेव्ही) सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून ५ किलो बियाणं नेलं. १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी नावाने वाण प्रसारित झाला. आम्ही तो शुद्ध केला, असं विद्यापीठाचं म्हणणं. शुद्ध करणं हेही कामच आहे, मी नाकारत नाही. पण लोंब पहिल्यांदा कुणी ओळखली, हे त्या नावात कुठे आलं? पुढे २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला, २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाच्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव आलं. तरी ३ जून २०१८ ला दादाजी गेले तोवर घरची ओढाताण काही सुटली नव्हती.

त्यांनी बियाणं कुलपात ठेवायला हवं होतं, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. हातोहात गेलं म्हणूनच ते इतकं पसरलं. तूही दे, फक्त लिहून दे: कुणाला, किती किलो, कोणत्या तारखेला, आणि घेणाऱ्याची सही. दादाजींचं बियाणं गेलं तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला कायद्यात जागाच नव्हती. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने ती आली. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचं दिसलं तर तो शेतकऱ्याच्या नावाने नोंदवता येतो, शुल्क लागत नाही आणि धानाला १५ वर्षांचं संरक्षण मिळतं. अर्जावर गावाची जैवविविधता समिती किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्यांसारख्या कुणाची शिफारस लागते. हे सगळं चार-पाच वर्षांनंतरचं. पण तेव्हा विचारतील की हे कुठून आलं, आणि उत्तर या वर्षीच्या पानावर असायला हवं.

नोकरी सोडण्याचं मात्र डोक्यातून काढ. घर चालवायला बाकीच्या बांध्या नेहमीच्या वाणाखालीच राहू देत. बाबा चिडले असतील तर त्यांचं चुकलं नाही, कर्ज त्यांच्या नावावर आहे. त्यांच्याकडे फक्त बोडीजवळचा (तळ्याजवळचा) कोपरा माग, पाऊस दडी मारेल तेव्हा तिथे पाणी देता येईल. आणि गावात बोलली आहेस तेवढं पुरे.

पऱ्हे टाकायच्या आठवडाभर आधी फोन कर. ओळी आखायला मी येईन. सुतळी आणि खुंट्या तयार ठेव, आणि खुंट्यांवर नंबर घालायला ऑइल पेंटची लहान डबी आणून ठेव.

तुझे काका