मेखला: बटूची आणि देवीची

प्रश्न असा आहे: मूर्तीच्या वर्णनात देवीच्या कमरेचा रत्नजडित दागिना म्हणजे मेखला, आणि मुंजीत बटूच्या कमरेला बांधतात ती गवताची दोरीही मेखलाच. यातला आधीचा अर्थ कोणता?

जुने पुरावे दोरीच्या बाजूचे आहेत. अथर्ववेदात मेखलेला उद्देशून अख्खे सूक्त आहे (६.१३३). त्यात तिला श्रद्धेची कन्या, तपातून जन्मलेली, ऋषींची बहीण म्हटले आहे. सोन्यारत्नांचे नावही नाही. बांधून घेणारा ब्रह्मचारी आहे. मनुस्मृतीने पुढे वर्णाप्रमाणे जिन्नस ठरवून दिले: ब्राह्मणाला मुंज गवताची तिपेडी, क्षत्रियाला मूर्वा या वनस्पतीच्या तंतूंची धनुष्याची दोरी, वैश्याला तागाची. मुंज गवताची ती मौंजी. समारंभाला आपण 'मुंज' म्हणतो ते हिच्यामुळे. सगळा मान आज जानव्याला जातो, नाव मात्र कमरेच्या दोरीचे टिकले.

पारशी लोकांची 'कुस्ती' ही पवित्र दोरी याच घराण्यातली: लोकरीच्या ७२ धाग्यांची, कमरेला तीन वेढे.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशापर्यंत येताना शब्द दागिन्यांत जाऊन बसलेला दिसतो: 'स्त्रीकट्यां मेखला काञ्ची सप्तकी रशना तथा'. पुरुषाच्या कमरेला असेल तर शृंखल. एका परंपरेने सरही मोजले आहेत: कांची एका सराची, मेखला आठ, रशना सोळा, कलाप पंचवीस. कवींनी हा हिशेब पाळला असेल असे मला वाटत नाही. वृत्तात जो शब्द बसेल तो त्यांनी घेतला.

दोन्ही अर्थ एकाच कमरेवर आणले ते कालिदासाने. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वती तपाला बसताना तिपेडी मौंजी बांधते. तिच्या खरखरीत स्पर्शाने अंगावर सारखे रोमांच उठतात आणि एरवी रशना जिथे असायची ती जागा लाल होते. माझ्या मते, तुमच्या प्रश्नाला याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

ग्रीकांकडेही पट्ट्याचे असेच दोन चेहरे. इलियडमध्ये हेरा आपल्या नवऱ्याला, देवांचा राजा झ्यूसला, भुलवण्यासाठी प्रेमदेवता अफ्रोडाइटीचा नक्षीदार पट्टा उसना मागून नेते. उलट अॅमेझॉन या लढवय्या स्त्रियांची राणी हिप्पोलिटी हिचा पट्टा युद्धदेव आरेसने दिलेला. तो आणणे हे वीर हेराक्लीसच्या बारा कामांपैकी नववे. मेसोपोटेमियाच्या कथेत इश्तार देवी पाताळात उतरते तेव्हा दारोदारी तिची एकेक वस्तू काढून घेतात, त्यात कमरेचा पट्टाही जातो. बांधला की बळ, सुटला की गेले, ही समजूत सगळीकडे दिसते.

कमर बांधण्याच्या या कल्पनेतून मराठीतही बरेच शब्द आले. 'बद्धपरिकर' मधला परिकर म्हणजे कमरेला कसलेले वस्त्र. कडदोऱ्यातला 'कड' म्हणजे कटीच. 'कटिबद्ध' आता भाषणांतच उरला आहे, पण भूगोलातला 'उष्ण कटिबंध' मजेदार आहे: ग्रीकांनी पृथ्वीच्या पट्ट्यांना 'झोनी', म्हणजे कमरपट्टा, म्हटले, 'झोन' त्यातूनच आला आणि 'कटिबंध' त्याच अर्थाचा.

जाता जाता: नर्मदेला 'मेखलसुता' लिहिलेले आढळते. ते 'मेकलसुता' हवे. मेकल हा तिच्या उगमाकडचा पर्वत, कमरेशी त्याचा संबंध नाही.