आधी काटा कर

ठाणे, शुक्रवार रात्र

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेल शीट बघितली. मेहनत घेतली आहेस, त्याबद्दल वाद नाही. पडद्यांचा रंग, गादीची रुंदी, फ्रिज किती लिटरचा, सोलर किती वॅटचं, खिडक्यांना जाळी आहे की नाही, सगळ्याला रकाना आहे. वजनाला नाही. गाडीमागं ओढायचे, आत राहता-झोपता येतील असे तीन कॅम्पर ट्रेलर शेजारी शेजारी मांडलेस आणि एकाचंही वजन लिहिलं नाहीस. वर मलाच विचारतेस, "काका, कुठला घेऊ?"

फोनवर तू रडकुंडीला आली होतीस म्हणून तेव्हा काही बोललो नाही. बाबा म्हणतात नवाच घे, भाऊ म्हणतो जुन्यात पैसे वाचतील, आणि पनवेलचा तो विकणारा म्हणतो रविवारपर्यंत टोकन दे, दुसरी पार्टी तयार आहे. (दुसरी पार्टी नेहमीच तयार असते. आमच्या धंद्यात ती मी कधी डोळ्यांनी बघितलेली नाही.) तिघांचंही म्हणणं बाजूला ठेव. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवाल्यांसाठी वजनकाटे आहेत. ट्रेलर तिथं न्यायला लाव, काटा कर, पावती हातात घे. आधी काटा. विकणारा नको म्हणाला तर प्रश्नच मिटला, तो ट्रेलर यादीतून गेला.

हिशेब सांगतो. ट्रेलरची आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, गाडीपेक्षा वेगळी असते. तिच्यावरचे दोन आकडे बघ: रिकामं वजन आणि जास्तीत जास्त भरलेलं वजन. या दोघांची वजाबाकी म्हणजे तुझा सगळा संसार. तुझ्या पनवेलच्या ट्रेलरच्या आरसीचा फोटो मोठा करून वाचला. रिकामं १,१२०, भरलेलं १,३००. हातात राहिले १८० किलो. आता भर. पाण्याची टाकी १०० लिटरची आहे, म्हणजे १०० किलो. पाण्यात घासाघीस चालत नाही. घरगुती सिलिंडर भरलेला तीस किलोच्या आसपास: आत १४.२ किलो गॅस, बाकी लोखंड, ते किती हे सिलिंडरच्या कड्यावर रंगवलेलं असतं. विकणाऱ्यानं मागाहून बसवलेली घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, पन्नास-साठ किलो. संपलं की! अजून एक चादर चढली नाही, आईची कढई चढली नाही, भावाची क्रिकेटची बॅग चढली नाही, आणि १८० कधीच ओलांडले.

आणि ते १,१२० तरी खरे कशावरून? आरसी निघाली तेव्हाचे ते आहेत. त्यानंतर कुणी आत कपाटं ठोकली, वर छत घातलं, खाली प्लायचा दुसरा थर टाकला, ते आरसीला कुठं माहीत? म्हणून म्हणतो, कागद वाचून थांबू नकोस.

आता तुझी गाडी. तिचंही रिकामं वजन बघ, बाराशेच्या आसपास निघेल. इंग्लंडातल्या कॅराव्हॅनवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: नवख्या माणसानं ट्रेलरचं भरलेलं वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं. म्हणजे तुला १,०२० किलो. तोही ठोकताळाच. त्याच्याही आधी गाडीचं मॅन्युअल उघड आणि ओढायचं वजन शोध. आकडे दोन असतात, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर एक आणि नसतील तर दुसरा, बराच लहान. काही लहान गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुझ्या गाडीचं तसं असेल तर शीटमधले तीनही रकाने पुसायचे आणि आधी गाडीचा विचार करायचा. वाईट वाटेल, पण ते आज वाटलेलं बरं. मागं हुक लावून घेण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घे की चालेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या फेरफारांबद्दल आहे, आणि अपघातानंतर विमावाला ते तुझ्यापेक्षा बारकाईनं वाचतो.

तुला वाटेल, काकांना वजनाचं वेड लागलंय. माझा भागीदारही हेच म्हणायचा. वागळे इस्टेटमध्ये आम्ही टेम्पोच्या बॉड्या बांधायचो, मग लोक ट्रेलर मागायला लागले. घोडबंदरची एक पार्टी आली. त्यांना आत ग्रॅनाइटचा ओटा हवा होता, घरच्यासारखा. सहा फूट बाय दोन फूट, पाऊण इंची दगड. मी सांगितलं, नुसता दगड पंचावन्न-साठ किलो भरेल आणि तो बरोबर मागच्या भिंतीला येतोय. बाई म्हणाल्या, स्टील चांगलं दिसत नाही. मी म्हटलं, काटा केल्याशिवाय डिलिव्हरी देणार नाही. भागीदारानं मी घरी गेल्यावर दिली. त्यावरून आमची भागीदारी मोडली. लोक सांगतात, दगडावरून कुणी पंचवीस वर्षांची मैत्री तोडतं का? दगडावरून नाही तोडली, पावतीवरून तोडली. त्या ट्रेलरला आजपर्यंत काहीही झालेलं नाही, हेही लोक मला मुद्दाम येऊन सांगतात. न होवो. पण नशीब बरं निघालं म्हणून हिशेब बरोबर होता असं मी म्हणणार नाही. भागीदाराच्या मुलीच्या लग्नाला मला बोलावणं नव्हतं, त्याची मात्र अजून बोच आहे. ते जाऊ दे.

मागच्या भिंतीचं का बोललो ते ऐक, कारण तू निवडलेल्या नव्या ट्रेलरमध्ये नेमकं तेच आहे. एसीचं आउटडोअर युनिट मागं, सायकलींचा स्टँड मागं, टाकीही एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या कण्याच्या, मागं. मागं वजन झालं की गाडीच्या हुकाला जोडायचा पुढचा दांडा हलका होतो, आणि दांडा हलका झाला की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. कसारा घाट उतरताना हे सुरू झालं तर गाडी ट्रेलरला नेत नाही, ट्रेलर गाडीला नेतो. तशा वेळी ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगनं मारामारी करायची नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपसूक पडू द्यायचा. पण तशी वेळ का यावी? युरोपात दांड्यावर ट्रेलरच्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार ठेवतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. तुझ्या गाडीचा हुक खाली किती भार झेलतो तेही त्याच्या प्लेटवर असतं, त्याच्या वर जायचं नाही.

मोठ्या काट्यावर हा भार कळत नाही, तो काटा दहा-दहा किलोंनी सरकतो. घरचा बाथरूममधला वजनकाटा घे. सपाट जमिनीवर ठेव, वर प्लायचा तुकडा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा, ट्रेलर गाडीला असतो त्याच उंचीचा. जॉकी व्हीलचं, म्हणजे दांड्याखालच्या छोट्या चाकाचं, हँडल फिरवून दांडा हळूहळू ठोकळ्यावर उतरव, चाक जमिनीवरून सुटेपर्यंत. चाकांना आधी दगड लाव. आता आकडा वाच. सामान भरलेलं असताना वाच, रिकाम्याचा काही उपयोग नाही. कमी आला तर जड वस्तू एक्सलच्या थोड्या पुढं सरकव. हे काम दहा मिनिटांचं, आणि माझ्याकडून ट्रेलर नेलेल्यांतले निम्मे लोक ते करत नाहीत. फोन मात्र करतात, "काका, ऐंशीच्या वर थरथरतो."

एसीचंही ऐकून घे, बाबांचा त्याच्यावर भारी जीव आहे. एक टनाचा एसी साधारण हजार वॅट खातो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे बाराशे वॅट-अवर, आणि साधी शिशाची बॅटरी वारंवार अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे अर्धा-पाऊण तास. "रात्रभर चालेल" म्हणणाऱ्याला विचार, किती बॅटऱ्यांवर, आणि त्यांचं वजन किती. फिरून पुन्हा काट्यावरच आलो ना?

जुना घेतलास तर ओल बघ. हे काटा झाल्यावर, आधी नाही. आपल्याकडं ट्रेलर वापरून कमी आणि पावसानं जास्त मरतो. छताची झडप, खिडक्यांचे खालचे कोपरे, जिथं दोन भिंती मिळतात ती शिवण, इथून पाणी शिरतं आणि प्लायमध्ये बसतं. बाहेरून एफआरपी, म्हणजे फायबरचं आवरण, चकचकीत दिसतं. आत गाद्या काढ, कपाटाच्या तळाशी बोटानं दाब, दारापाशी टाच आपटून बघ. जमीन दबली किंवा आवाज बोदा आला तर उठ आणि घरी जा. आत अगरबत्तीचा किंवा एअर फ्रेशनरचा घमघमाट असेल तर संशय घे. शक्य असेल तर मोठी सर येऊन गेल्यावर बघायला जा. टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून खूश होऊ नकोस. ट्रेलर उभा राहून राहून टायर उन्हानं चिरतात. बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. त्यावरून वय काढ.

बारीक गोष्टी भराभर सांगतो. हुकाचा बॉल ५० मिलिमीटरचा असतो, अमेरिकी मापाचा ५०.८, अमेरिकी कपलरमध्ये, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या खोबणीत, ५० चा बॉल घातला की सैल बसतो, म्हणून दोन्हींवर कोरलेलं माप वाच. सुरक्षेच्या साखळ्या दोन, कपलरखाली एकमेकींना फुली मारून. गॅसच्या कप्प्याला तळाशी भोकं हवीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खालीच साचतो. दार डावीकडं, फुटपाथच्या बाजूला; युरोपातल्या नकाशावरून बांधलेल्या काही बॉड्यांना ते उजवीकडं असतं आणि पोरं थेट ट्रॅफिकमध्ये उतरतात. थांबलीस की दोन्ही चाकांच्या हबजवळ उलटा हात ने. एक कोमट आणि एक चटका देणारा असेल तर बेअरिंग गेलंय किंवा ब्रेक धरलाय.

कागद. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे धंद्यासाठी नसलेल्या वाहनांत, मोडतो, पण नंबर त्याचा स्वतःचा, तुला ऐरोलीच्या पत्त्यावर एमएच ४३ चा मिळेल. नवा बांधून देणाऱ्याला विचार की त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का. "आरटीओचं आम्ही बघून घेऊ" हे उत्तर नव्हे.

जागा. तुझ्या सोसायटीत तुला मिळालेली जागा फार तर अडीच बाय पाच मीटर असेल. पनवेलचा ट्रेलर दांड्यासकट साडेपाच मीटर, आणि गाडी कुठं लावणार? सेक्रेटरींना आत्ताच लेखी विचार. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते तू मला उत्साहानं पाठवलंस. चांगलं आहे, त्यात वीज-पाण्याच्या सोयीचे पार्क आहेत, सिंगल अ‍ॅक्सल, ट्विन अ‍ॅक्सल, टेंट ट्रेलर सगळ्यांची नावं आहेत. पण ट्रेलर धोरणात लावता येत नाही, तो ऐरोलीतच लावायचाय.

तू विचारलंस, इतके बांधून मी स्वतःसाठी एक का ठेवला नाही. तुझ्या काकूची फार इच्छा होती, गणपतीपुळ्याला आपल्या गाडीत झोपायचं. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, पुढचा हलका बांधतो, तो आपला. दर वेळी वजन चार-पाच किलोंनी खाली यायचं आणि मला वाटायचं अजून उतरेल. ती गेली तोवर मी वजनच उतरवत होतो. म्हणून काटा चुकीचा ठरत नाही. पण काटा झाला, आकडा बसला, की मग पडद्याच्या रंगावर महिना घालवू नकोस, लगेच घे.

माझं मत विचारशील तर तिसरा, घडीचा टेंट ट्रेलर, ज्याला तू शीटमध्ये लाल रंग दिला आहेस. चारशेच्या आसपासचा सांगतोय ना तो? खरंच तेवढा असेल तर सोसायटीत मावेल, आणि वाऱ्याला भिंत होणार नाही. आईंना रात्री उठावं लागतं आणि त्यात बाथरूम नाही, हे मला माहीत आहे. त्यासाठी वेगळा छोटा तंबू आणि पोर्टेबल कमोड येतो. बाबा नाक मुरडतील. मुरडू देत. त्याचाही काटा कर मात्र, चारशे हे विकणाऱ्याचे आहेत.

पहिली सहल घाटात नको. पेण, वडखळवरून अलिबाग, पुढं नागाव. मध्ये कार्ले खिंडीचा तेवढा चढ. टाकी रिकामी न्यायची, पाणी तिथं भरायचं. फेरीबोटीत इतक्यात घालू नकोस, ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि ट्रेलरचं शेपूट घासतं. रिव्हर्स येईपर्यंत तर गर्दीत जाऊच नकोस. स्टिअरिंग खालून, सहाच्या काट्यावर धरायचं. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला जायला हवं त्याच बाजूला हात न्यायचा. वळणं बारीक घ्यायची, दुमडला की थांबून पुढं घेऊन सरळ करायचा.

खारघरला रविवारी सकाळी सातला रस्ते मोकळे असतात. माझ्याकडं जुना सामानाचा ट्रेलर आणि जुनी जीप पडून आहे, दोन्ही घेऊन येतो. भावालाही आण, पण त्याला सांग, मागं उभं राहून हात हलवायचे नाहीत. त्या पनवेलवाल्याला टोकन अजून दिलं नसशील तर देऊ नकोस. दिलं असलंस तर पावतीचा फोटो आजच पाठव, परत मिळण्याबद्दल त्यावर काय लिहिलंय ते बघतो.

तुझा
काका