मोल्डवाल्यांचे सवाल-जवाब : फायबर कनेक्टरचे प्लास्टिकचे भाग

या महिन्यात टपालात ऑप्टिकल फायबरच्या कनेक्टरबद्दलच जास्त पत्रं आली. घराघरांत फायबर जातंय, ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या भारतनेटची कामं निघतात, तेव्हा मोल्डिंगवाल्यांना हे भाग खुणावणारच. म्हणून झाकणं, क्रेट आणि बादल्यांची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : चाकणजवळ आमचं छोटं युनिट आहे. ८० आणि १२० टनांची दोन इंजेक्शन मशिनं आहेत. आजवर स्विचचे भाग आणि बाटल्यांची झाकणं केली. एका पार्टीने एससी जातीच्या फायबर कनेक्टरचं निळं हाउसिंग (कवच) करून द्याल का, असं विचारलंय. भाग सोपा वाटतो. ८ कॅव्हिटीचा, म्हणजे एका वेळी आठ नग देणारा, मोल्ड करावा म्हणतो. ड्रॉइंगवर मात्र सगळीकडे पाच मायक्रॉनचा टॉलरन्स (मापातली सूट) लिहिलाय, त्याची धास्ती वाटते. — एक वाचक, चाकण

उत्तर : ज्याची धास्ती घ्यायला हवी ते तुमच्या पत्रात नाहीच. पण आधी त्या पाच मायक्रॉनचं बघू.

सिंगल मोड फायबरची जाडी १२५ मायक्रॉन आणि त्यात प्रकाश जातो तो मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. असे दोन गाभे समोरासमोर आणणं एवढंच कनेक्टरचं काम. ते करतो फेरूल. एससीत तो अडीच मिलिमीटर व्यासाची झिर्कोनियाची, म्हणजे सिरॅमिकची, पांढरी नळी असते. अॅडॉप्टरमध्ये चीर दिलेली एक स्लीव्ह असते, तिच्यात दोन्ही बाजूंचे फेरूल येऊन भिडतात. तुमचं प्लास्टिक या जुळवाजुळवीत कुठेच नाही. उलट स्लीव्हमध्ये फेरूलला आपली जागा आपण शोधता यावी म्हणून तो हाउसिंगमध्ये मोकळा, स्प्रिंगवर तरंगता ठेवतात. एससीत ती स्प्रिंग साधारण एक किलोच्या जोराने फेरूल पुढे रेटते. तुम्ही फार कौशल्य दाखवून हाउसिंग फेरूलला घट्ट बसवलंत, तर कनेक्टर खराब होईल.

त्यामुळे सगळीकडे पाच मायक्रॉन लिहिणाऱ्याने नमुना मोजून ड्रॉइंग काढलंय, कनेक्टर कसा चालतो ते समजून घेतलेलं नाही, असं मी समजेन. पार्टीसमोर बसा आणि विचारा : फेरूलची फ्लँज (मागची कड) टेकते ती बैठक, फ्लँज फिरू नये म्हणून दिलेल्या खाचा, मागची स्टॉप रिंग अडकते त्या खिडक्या, अॅडॉप्टरचे हुक धरतात ते खांदे आणि बाहेरचं आवरण आतल्या भागावर सरकतं ती फट, यांतलं काय किती महत्त्वाचं? या जागा सांभाळा. बाकी ठिकाणी तीस-चाळीस मायक्रॉन इकडेतिकडे झाले तरी कुणाचं इंटरनेट बंद पडत नाही. एससीचा मापांचा आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१७५४-४. तो विकत घ्या. मोल्डच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ आहे.

आता खरी अडचण. तुमची मशिनं या कामाला मोठी आहेत, टनेजने नव्हे, बॅरलने (दाणा वितळवणाऱ्या नळीने). हिशेब करा. ८० टनी मशीनला समजा ३५ मिलिमीटरचा स्क्रू आहे आणि कमाल शॉट, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त बाहेर पडणारा माल, शंभर-एकशे दहा ग्रॅमचा आहे. तुमचा नग ग्रॅमभराचा, आठ नग आणि रनर (मोल्डमधल्या वाटेत उरणारा माल) मिळून चौदा-पंधरा ग्रॅम. बॅरलमध्ये त्या कमाल शॉटच्या दुप्पट माल पडून असतो असं धरलं, तर दाणा आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पंधरा-सोळा शॉट होतात. वीस सेकंदांच्या सायकलला पाच मिनिटांच्या वर. हे पीबीटी नावाचं प्लास्टिक आहे, त्यात व्ही-झिरोसाठी (आग लवकर विझण्याच्या दर्जासाठी) आग रोखणारं रसायन मिसळलेलं, आणि ते २५० अंशांना तेवढा वेळ शिजतंय. मधे नग अडकला, ऑपरेटर चहाला गेला, की दहा मिनिटं. माल पिवळा पडला तर नशीब, निदान दिसतं तरी. निळ्या रंगात तेही दिसत नाही.

२५ मिलिमीटरच्या आसपासचा स्क्रू असलेलं तीस ते पन्नास टनांचं मशीन बघा. तोच शॉट तिथे दोन-अडीच मिनिटांत बाहेर पडतो. मशीन घेणं जमत नसेल तर ८० टनीला लहान बॅरलचा संच बसतो का, ते मशीनवाल्याला विचारा. १२० टनी या कामासाठी विसरून जा.

दुसरं, वाळवण. पीबीटी १२० अंशांना चार तास वाळवायचा आणि ओलावा ०.०४ टक्क्यांच्या खाली आणायचा. तुमच्याकडे साधा हॉपर ड्रायर असणार. तो खोलीतली हवा तापवून आत सोडतो. एप्रिलमध्ये चालून जातं. जुलैत मावळातली हवा कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको, तीच ओली हवा गरम करून दाण्यावर सोडण्यात अर्थ नाही. डीह्युमिडिफायर लागतो. आणि इथे पीबीटी फसवतं. एबीएस ओलं असलं की भागावर चंदेरी रेघा येतात, ऑपरेटर ओरडतो. पीबीटीत पुष्कळदा काहीच दिसत नाही. भाग चकचकीत निघतो, माप बरोबर येतं आणि आत मात्र पाण्याने साखळ्या तोडलेल्या असतात. ते कळतं जोडणी करणारा माणूस खांबावर चढून कनेक्टर दाबतो तेव्हा.

मोल्डचं म्हणाल, तर आठ कॅव्हिटीत उडी घेऊ नका. आधी दोनचा करा. सगळी मापं पक्की झाली, पार्टीचं अॅप्रूव्हल आलं, की मग आठचा. स्टील ४२० जातीचं स्टेनलेस, पन्नास रॉकवेलच्या आसपास कडक केलेलं घ्या. आग रोखणाऱ्या रसायनाचा वायू साध्या स्टीलला खातो आणि व्हेंट (हवा बाहेर जायच्या फटी) तुंबवतो. व्हेंट ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरचेच, खोल केलेत की फ्लॅश (कडेला फुटणारा पापुद्रा). आणि आतल्या बाजूचा फ्लॅश या भागात बाहेरच्यापेक्षा वाईट. त्याचा केसभर तुकडा सुटून फेरूलच्या तोंडावर बसला, तर ९ मायक्रॉनच्या गाभ्यापुढे तो डोंगर आहे.

प्रश्न : आम्ही एलसी या लहान जातीच्या फायबर कनेक्टरचं हाउसिंग करतो. त्याची वरची दाबायची पट्टी काही वेळा दाबली की मुळातून तुटते. मटेरियल पीबीटी, ३० टक्के काच. पार्टी म्हणते काच वाढवा, मजबूत होईल. करू का? — एक वाचक, वाळूज

उत्तर : करू नका. ताठ असणं वेगळं आणि वाकून परत येणं वेगळं. ३० टक्के काचेचं पीबीटी दोन-तीन टक्के ताणलं की तुटतं. ती पट्टी तर प्रत्येक वेळी मुळाशी वाकण्यासाठीच बनवली आहे. काच वाढवलीत तर आज चार वेळा दाबल्यावर तुटते ती उद्या दोन वेळा दाबल्यावर तुटेल.

तुटलेले नग भिंगाखाली धरा. मुळाच्या कोपऱ्यात रेडियस आहे का? मोल्ड कोरणारा इलेक्ट्रोड झिजला किंवा इन्सर्टचा जोड नेमका तिथेच आला, की कोपरा धारदार राहतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. ड्रॉइंगवर रेडियस असतो, मोल्डमध्ये असतोच असं नाही. मग गेट कुठे आहे ते बघा. फेरूलच्या भोकासाठीच्या कोअर पिनला वळसा घालून माल दोन बाजूंनी येतो आणि पट्टीच्या मुळाशी भेटतो, असं होत असेल तर वेल्ड लाइन तुमच्या सर्वांत नाजूक जागी बसली आहे. काचेच्या मालात वेल्ड लाइनची ताकद निम्मी धरा, कारण काचेचे तंतू ती रेघ ओलांडत नाहीत. गेट हलवायला लागेल, मोल्डवाला कुरकुर करेल, करू द्या.

त्यानंतर रिग्राइंड. रनर दळून परत टाकता का? पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो. ज्या भागाला वाकायचंय आणि ज्यावर व्ही-झिरो लिहायचंय, त्यात मी एक दाणाही परत टाकू देत नाही. नियमाने पाव हिश्शापर्यंत चालतं हे मला माहीत आहे, तरीही नाही. ग्रॅमभराच्या नगाला चार-पाच ग्रॅमचा रनर असतो, म्हणजे एकदा सवय लागली की पाव हिस्सा कधी ओलांडला ते कळतही नाही.

हे सगळं ठीक असूनही पट्ट्या तुटल्या, तर मटेरियल बदलावं लागेल. काच नसलेलं व्ही-झिरो पीबीटी घेऊन बघा. चांगले एलसी पीईआय नावाच्या प्लास्टिकचे बनतात, तो माल सुंदर वाकतो. पण त्याला बॅरल साडेतीनशे अंशांच्या वर लागतं, मोल्ड दीडशेच्या आसपास तापवावा लागतो, म्हणजे पाण्याने भागत नाही, तेल किंवा कार्ट्रिज हीटर हवेत. दाण्याचा भावही पीबीटीच्या कितीतरी पट. पार्टी तेवढे पैसे देणार असेल तरच या वाटेला जा. मटेरियलची चाचणी करायला तुम्हाला लांब जायला नको, संभाजीनगरातच सिपेट ही प्लास्टिकची केंद्रीय संस्था आहे. दाणा आणि तुटलेले नग दोन्ही घेऊन जा.

प्रश्न : मी प्लास्टिक इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला आहे. एवढं सगळं प्लास्टिकचं करता येतं, मग फेरूलच सिरॅमिकचा का? तोही मोल्ड करता आला असता ना, काका? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : अरे, तो मोल्डच करतात! झिर्कोनियाची बारीक पूड मेण आणि प्लास्टिकच्या बाइंडरमध्ये मळतात आणि आपल्यासारख्याच मशीनवर मारतात. मग बाइंडर काढून टाकतात आणि नळी १४०० अंशांच्या वर भाजतात. भाजताना ती लांबी-रुंदीत सुमारे पाचवा हिस्सा आकसते. आपण पीबीटीच्या दीड टक्का श्रिंकेजला रडतो! अर्थात एवढं आकसल्यावर माप मोल्डच्या भरवशावर राहत नाही, नंतर हिऱ्याच्या पेस्टने भोक आणि बाहेरचा व्यास घासून आणतात. भोक बाहेरच्या व्यासाशी एका मायक्रॉनच्या आत केंद्रात यावं लागतं. प्लास्टिक घासून असं माप मिळत नाही, आणि मिळालं तरी शेकडो वेळा स्लीव्हमध्ये घालून-काढून टिकत नाही. तापमानानेही ते झिर्कोनियापेक्षा कितीतरी जास्त फुगतं.

पण एक जागा आहे जिथे प्लास्टिकच प्रकाशाची जुळणी करतं, आणि मला विचारशील तर मोल्डिंगच्या धंद्यातलं सर्वांत अवघड काम तेच. एमटी फेरूल. जपानच्या एनटीटीने १९८०च्या दशकात तो काढला. आज एमपीओ, म्हणजे अनेक फायबर एकदम जोडणाऱ्या, कनेक्टरमध्ये तोच असतो. नवी मुंबईत डेटा सेंटरं उभी राहतायत, तिथल्या रॅकमध्ये तुला हे कनेक्टर दिसतील. ६.४ बाय २.५ मिलिमीटरचं एक चपटं तोंड, त्यात एका ओळीत पाव मिलिमीटर अंतरावर १२ फायबरची भोकं, आणि दोन्ही टोकांना मार्गदर्शक पिनांसाठी ०.७ मिलिमीटरची दोन भोकं, एकमेकांपासून ४.६ मिलिमीटरवर. ही भोकं ड्रिल केलेली नसतात. मोल्डमध्ये केसासारख्या बारीक बारा कोअर पिना ताणून धरलेल्या असतात, भोवतीने माल धावतो आणि एकही पीन दोन-तीन मायक्रॉनसुद्धा वाकता कामा नये.

सुरुवातीला हे इपॉक्सीत, ट्रान्स्फर मोल्डिंगने करत, कारण थर्मोसेट (एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणारा माल) कमी आकसतो. नंतर पीपीएस हे प्लास्टिक आलं. त्यात लांब काचतंतूंऐवजी सिलिकाची गोलसर पूड भरपूर घालतात. तंतू मालाच्या प्रवाहाबरोबर आडवे-उभे होतात, मग एका दिशेला भाग कमी आकसतो, दुसऱ्या दिशेला जास्त. गोल कणाला दिशाच नाही. श्रिंकेजचा धडा परीक्षेपुरता वाचला असशील तर आता हे डोळ्यांसमोर ठेवून परत वाच.

प्रश्न : आम्ही पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली फायबरची केबल) तयार करतो. पॉलिश केल्यावर फेरूलचं तोंड सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ असतं. टोपी लावून पॅक करतो. पार्टीकडे टोपी काढल्यावर तोंडावर डाग. टोपीने तर तोंड झाकलेलं असतं! — क्वालिटी विभागातल्या एक वाचक, वेर्णे, गोवा

उत्तर : टोपीनेच डाग दिलाय, मॅडम. टोपी हा या धंद्यातला सर्वांत दुर्लक्षित नग आहे. उरलेल्या मालात, जुन्या मशीनवर मारतात आणि नग अडकू नये म्हणून मोल्डवर सिलिकॉनचा फवारा मारतात. ते सिलिकॉन टोपीच्या आत राहतं आणि उन्हात तापलेल्या टेम्पोतून जाताना फेरूलच्या तोंडावर उतरतं. अल्कोहोलने ते नीट निघतही नाही, नुसतं पसरतं. मऊ पीव्हीसीची टोपी असेल तर त्यातलं प्लास्टिसायझरही बाहेर येतं.

टोपीवाल्याला लेखी कळवा : फवारा बंद, रिग्राइंड बंद, नग जमिनीवर पडू न देता थेट पिशवीत. आतला तळ फेरूलच्या तोंडाला टेकता कामा नये, टोपीने फक्त बाजूने धरायचं. मग एक साधी चाचणी करा. काही स्वच्छ कनेक्टर नव्या टोप्यांसकट ओव्हनमध्ये ६० अंशांना रात्रभर ठेवा, काही टोपीशिवाय झाकलेल्या डबीत ठेवा. सकाळी दोन्ही बघा. टोपीवाल्याशी वाद घालायला फोटो पुरतील.

प्रश्न : निळ्या हाउसिंगची ऑर्डर पूर्ण केली. आता तोच भाग हिरव्यात मागितलाय. मास्टरबॅच (रंगाचा दाणा) बदलला की झालं ना? — एक वाचक, भोसरी

उत्तर : मास्टरबॅचचा वाहक कशाचा आहे ते विचारा. बाजारात सगळ्याला चालतं म्हणून देतात तो बहुधा पॉलिइथिलीनचा असतो. तो पीबीटीत नीट मिसळत नाही, भागाला पापुद्रे सुटतात आणि व्ही-झिरोही गेलं समजा. पीबीटीच्याच वाहकाचा घ्या, आणि तो दाण्याबरोबर वाळवा. रंग बदलल्यावर खिडक्या आणि खाचांची मापं पुन्हा घ्या, निळ्याचा रिपोर्ट हिरव्याला जोडू नका.

आणि बॅरल पूर्ण साफ होईपर्यंत एकही नग डब्यात जाऊ देऊ नका. हिरवा म्हणजे एपीसी, त्यातल्या फेरूलचं तोंड ८ अंशांत तिरकं पॉलिश केलेलं असतं. निळा म्हणजे यूपीसी, त्याचं तोंड सरळ. तिरक्यावर सरळ तोंड भिडवलं की मधे फट राहते, प्रकाश वाया जातो आणि तोंडं खराब होण्याची भीती असते. खांबावरच्या माणसाकडे ओळखायला रंगच असतो. मधला निळसर-हिरवा नग कुठल्याच डब्यातला नाही. रंगाच्या दोन पट्ट्यांवर पार्टीची सही घ्या, एक त्यांच्याकडे ठेवा, एक तुमच्या मशीनवर लावा.