मीटर ९०, मोबाइल ८६: गडबड गिअरची की टायरची?

तुमचा प्रश्न असा: कारचे घासलेले १८५/६५ आर १५ टायर काढून नवे १९५/६५ आर १५ टाकले. आधी मीटरवर ९० असताना मोबाइलचं जीपीएस ८३ दाखवायचं, आता ८६ दाखवतं. मीटर बिघडलं का, आणि गिअर रेशोवरून, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या, यावरून हे तपासता येतं का?

मीटर बिघडलं नाही. ते आधीपासूनच जास्तीचं दाखवून राहिलं होतं, आता त्याचं खोटं जरा कमी झालं. कंपन्या मीटर मुद्दामच वर ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी एवढी सूट. म्हणजे खरे ८० असताना काटा ९२ वर असला तरी चालतं.

आता टायर. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ इंच रिम. जुन्याचा व्यास ३८१ + (२ × १२०.२५) = ६२१.५ मिमी, नव्याचा ६३४.५. फरक २.१ टक्के. पण ८३ चे ८६ व्हायला साडेतीन टक्के लागतात, मग उरलेले कुठून आले? घासण्यातून. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. तुमची घासून २ मिमीवर आली असेल, तर व्यास १२ मिमीनं घटला होता, म्हणजे जवळपास २ टक्के. दोन्ही मिळून ४ च्या आसपास, मोबाइलचा आकडा बरोबर जुळतो.

गिअर रेशोचा यात संबंध नाही. मीटरचा सेन्सर गिअर बदलतात त्याच्या पुढे बसतो, गिअरबॉक्सच्या आउटपुटला किंवा चाकाजवळ. तो फेऱ्या मोजतो आणि एका फेरीला किती रस्ता, हे कंपनीनं भरलेल्या आकड्यावरून धरतो. टायर बदलला की तोच आकडा चुकतो.

तरी हिशेब करायची हौस असेल तर करा, मीही केला आहे. समजा पाचवा गिअर ०.८ आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्स आणि चाकांमधली शेवटची दातेरी चाकं) ४, गुणाकार ३.२. इंजिन २५०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २५०० फेऱ्यांवर, तर चाक मिनिटाला ७८१ फेऱ्या मारतं. माझ्या गाडीला तुमचीच जुनी साइज आहे, व्यासावरून परीघ १.९५ मीटर, म्हणून वेग ९१. हा आकडा फसवा आहे. गाडीच्या वजनानं टायर खाली दबतो. म्हणून रविवारी सकाळी गल्लीत टायरवर खडूची खूण केली, गाडीत बायकोला बसवलं आणि मुलाच्या मदतीनं गाडी बरोबर दहा फेऱ्या ढकलली. पाच मीटरचा टेप चारदा लावला, भरले १८.९५ मीटर. शेजारच्या काकांनी विचारलंच, "काहून, प्लॉट मोजून राहिले का?" म्हणजे एका फेरीला १.८९५ मीटर, आणि तोच वेग ८९ च्या खाली आला.

शिवाय आरपीएमचा काटा १०० नं इकडेतिकडे वाचला तरी साडेतीन किमीचा फरक पडतो. त्यामुळे या हिशेबानं मीटर तपासू नका. क्लच तपासायला मात्र तो झकास आहे: जीपीएसच्या वेगाला जेवढे आरपीएम यायला हवेत त्यापेक्षा बरेच जास्त दिसले, तर क्लच सरकून राहिला. हे सगळं साध्या मॅन्युअल गिअरच्या गाडीचं, सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला, लागू नाही.

मीटरसाठी सरळ समृद्धी महामार्गावर जा. नागपूरजवळच्या शिवमडक्यावरून चढलात की सकाळी रस्ता मोकळा मिळतो. काटा ९० वर धरा आणि किलोमीटरच्या पाट्या बघत १० किमीची वेळ बाजूला बसलेल्याला लावायला सांगा, स्वतः मोबाइल हातात घेऊ नका. मला ७ मिनिटं ४ सेकंद लागले. ३६००० भागिले ४२४, म्हणजे ८४.९. तुम्हाला सात मिनिटांच्या आसपास लागले की मोबाइल खरा बोलतो समजा. मोबाइलचा आकडा सरळ रस्त्यावर, एकाच वेगात बघायचा. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली तो काहीही सांगतो.

ओडोमीटर, म्हणजे एकूण किलोमीटर मोजणारा आकडा, तोही आता दोनेक टक्के कमी मोजेल. टाकी भरून १८ चं ॲव्हरेज निघालं, तर खरं १८.४ आहे, इंजिनवर रागावू नका.

आणि स्टेपनी बघा. ती अजून १८५ ची असेल तर पुढच्या चाकाला लावून वर्ध्यापर्यंत जाऊ नका. दोन्ही बाजूंचे व्यास वेगळे असले की डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी चाकं, सरळ रस्त्यावरही फिरत राहतं. पंक्चरवाल्यापर्यंत हळू जायचं, एवढंच तिचं काम.