हळू गेलं की बोट उलटते!

प्रश्न : ताई, मी आणि माझा चुलतभाऊ होबी १६ वर, म्हणजे दोन लांबट होड्या (हल) शेजारी-शेजारी जोडलेल्या छोट्या शिडाच्या बोटीवर, शर्यतींना उतरतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी वारा वीस नॉटच्या (ताशी सदतीस किलोमीटरच्या) घरात गेला की समोरून येणाऱ्या वाऱ्यावर चढताना आम्ही पुढच्या बोटींत असतो. पण वरच्या बॉयला (वळणावरच्या तरंगत्या खुणेला) वळसा घालून वाऱ्याबरोबर उतरायला लागलो की संपलं. वाऱ्याखालच्या हलचं नाक पाण्यात घुसतं आणि बोट पुढच्या पुढे कोलांटी खाते. घाबरून शिडं ढिली सोडली, हळू गेलो, तरी तेच. दोघांचं मिळून वजन १३५ किलो आहे. ते कमी पडतंय का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : वजन पुरेसं आहे. या बोटीच्या शर्यतींत दोघांचं मिळून किमान वजनच १२९ किलो धरलेलं आहे आणि बोट आहे साधारण १४५ किलोची. तेवढ्याशा बोटीवर तुम्ही दोघं कुठे बसता यानं बराच फरक पडतो, त्याकडे येतेच. आधी ते 'हळू गेलो'.

वारा वीस नॉट आहे आणि तुम्ही पंधरा नॉटने उतरताय असं धरा. पुढच्या वायरवरचं वाऱ्याचं पीस बरोबर आडवं दिसेल असा कोन ठेवलात, तर शिडाला लागणारा वारा उरतो जेमतेम तेरा नॉट. आता नाक लाटेत रुतलं, बोट थबकली. तेरा नॉटचे क्षणात वीस होतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शिडावरचा भार दुपटीच्याही वर गेला, आणि तोही नाक आधीच पाण्याखाली असताना. डोलकाठी पुढे जाणार नाही तर काय होईल? पळत राहणं हाच इथे बचाव आहे. भीतीपोटी मुद्दाम वेग कमी करणारी जोडी मला सुसाट सुटलेल्या जोडीपेक्षा जास्त धोक्यात दिसते.

'मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) सोडली की झालं' हा सल्ला दुसऱ्या बोटींवरून आलेला आहे. होबीच्या मेनसेलमध्ये, म्हणजे मोठ्या शिडात, या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅटन (ताठ पट्ट्या) असतात. वाऱ्याबरोबर उतरताना शीड बाजूच्या वायरला टेकलं की पुढे सुटायला जागाच नसते. कितीही दोरी सोडा, ते भरलेलंच राहतं. त्यामुळे नाक दबायला लागलं की आधी जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, सोडायची. वाऱ्याखालचं नाक खाली दाबण्यात तिचा हात मोठा असतो.

आणि नाक आहेही नाजूक. सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टरने ही बोट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून थेट फुटत्या लाटांत ढकलता यावी म्हणून केली. म्हणून केळ्यासारखे वळलेले हल, आणि खाली सेंटरबोर्ड (पाण्यात उतरणारी फळी) नाही. वाळूवर ओढून घ्यायला झकास, पण पुढच्या टोकात तरंगायला फारसं काही नाही.

आता वरचा बॉय. तिथे काटकसर करू नका. बॉयच्या थोडं वरूनच या, म्हणजे शेवटी वाऱ्यात नाक खुपसत रखडावं लागणार नाही. वळण्याआधीच ट्रॅव्हलर (मेनशीट आडवी सरकवणारी गाडी) बाहेर सोडा. भाऊ ट्रॅपीजवरच (बोटीबाहेर लटकायच्या वायरवर) राहू दे, पण मागे, अगदी तुमच्या पायाला पाय लावून. तुम्ही हलच्या मागच्या कोपऱ्यात. नाक लाटेवर उचललं जात असताना वळायला लागा. खळग्याकडे झुकलं असताना नाही. मग मात्र रेंगाळू नका. अर्धवट वळून आडव्या वाऱ्यात राहिलात तर शिडावर सगळ्यात जास्त जोर तिथेच येतो, आणि बहुतेक कोलांट्या तिथेच होतात. पुढे उभा असलेला भाऊ अशा वेळी अचानक ब्रेक लागलेल्या एसटीतल्या माणसासारखा पुढच्या वायरला गरका घालून समुद्रात जातो. म्हणून पाय चिकटवायचे.

खाली उतरताना नजर पुढच्या लाटेच्या पाठीवर ठेवा. मागची लाट तुम्हाला ढकलते, छान वाटतं, आणि त्याच भरात बोट पुढच्या लाटेत जाऊन धडकते. नाक तिच्यापाशी पोचायच्या आत तिरकं काढा. जाइब (वारा पाठीशी ठेवून शीड दुसऱ्या बाजूला घेणं) करायची ती लाटेवरून सुसाट सुटलेले असताना, कारण तेव्हाच शिडात वारा सगळ्यात कमी असतो. बहुतेक जण नेमके वेग पडल्यावर करतात.

ओहोटीची वेळही बघत जा. खाडीतलं पाणी बाहेर निघालेलं आणि वारा समुद्रावरून आत येतोय, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्याच वीस नॉटमध्ये भरतीला सोपी वाटणारी फेरी तेव्हा अंगावर येते.

प्रश्न : मोठ्या लाटांत टॅक मारताना, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, बोट मध्येच वाऱ्यात तोंड करून अडकते. काय करावं?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दोन मोठ्या लाटा गेल्या की मागे जरा सपाट पाणी मिळतं, तिथेच मारा, आणि वेग असतानाच. जिब घाईने सोडू नका; तिला उलट्या बाजूने वारा भरू द्या, ती नाक ओढून नेते. नाक वाऱ्यातून पलीकडे जाताच मेनशीट हातभर सोडा, नाहीतर शीड बोटीला परत वाऱ्यात वळवतं. तरीही अडकलात तर बोट मागे सरकू लागेल. तेव्हा नाक ज्या बाजूला न्यायचंय त्याच बाजूला टिलर (सुकाणूचा दांडा) ढकला आणि जिब विरुद्ध बाजूला ओढून धरा. मागे जाताना सुकाणू उलटं चालतं, हे क्रूला किनाऱ्यावरच सांगून ठेवा. लाटांत ओरडून सांगितलेलं कुणाला ऐकू येत नाही.